भोंगा आणि हाळी

हर्षलाने बसवलेला भोंगा तिच्यासमोर शहाण्यासारखा वाजायचा आणि तिची पाठ फिरली की मुका व्हायचा. वरची दरड हलली तर खालापूरच्या कचेरीतून तिचा सहकारी प्रवीण याने बटण दाबायचं आणि ठाकरवाडीने जीव घेऊन खाली उतरायचं, असा सगळा बेत. पावसाला आठ दिवस उरले होते. वाडीतलं सगळ्यांत वरचं घर भागीमावशीचं, आणि तिच्याच पडवीत हर्षला लॅपटॉप मांडून बसली होती.

वाडीचं नेट एका छोट्या डब्यातून बाहेर जायचं. आज तिने त्या डब्याच्या कर्नेलमध्ये, म्हणजे थेट गाभ्यात, निरोप जिथून जिथून जातो तिथे तिथे पहारे बसवले, म्हणजे त्याचं प्रत्येक पाऊल पडद्यावर दिसेल. भोंग्याचा 'जागा आहे' हा निरोप आला. कर्नेलने त्यावरचा वाडीतला पत्ता बदलून स्वतःचा घातला, निरोप कोणाचा ते टिपून ठेवलं आणि तो बाहेर सोडला. उत्तर आलं तसं टिपण पाहून ते नेमकं भोंग्याकडे धाडलं. पापणी लवायच्या आत असे किती निरोप येत-जात होते, आणि एकाचंही उत्तर दुसऱ्याच्या दारात जात नव्हतं. बारा वर्षं ती या धंद्यात होती, पण हे पाऊल न् पाऊल आजच पाहत होती. तिच्या अंगावर काटा आला.

भोंग्याच्या त्या निरोपानंतर चौथ्या मिनिटाला, ठरल्याप्रमाणे, प्रवीणने बटण दाबलं. निरोप डब्यापर्यंत आला. भोंग्याचं टिपण तेव्हा पुसलेलं होतं. कर्नेलने निरोप गुपचूप टाकून दिला.

वर रानात सात बायका करवंदांना गेल्या होत्या. एकीची हाळी आली, मग दुसरीची.

"सारख्या का ओरडतात गं मावशी?"

"झाडीत दिसत नाय ना बाय. गप बसली तं बाकीच्या समजतात, गेली घरी. मंग कोन थांबतंय?"

हर्षलाने कपाळाला हात लावला. बॅटरी वाचावी म्हणून भोंग्याला दहा मिनिटांनी एकदा बोलायला तिनेच शिकवलं होतं, आणि कर्नेल गप्प बसणाऱ्याला तीन मिनिटांतच विसरत होता. आजवर ती भोंगा सुरू केल्या केल्याच चाचणी घ्यायची, म्हणून तिच्यासमोर तो वाजायचा. तिने दहा मिनिटांचे वीस सेकंद केले. फोनवर प्रवीणला म्हणाली, "अर्ध्या तासाने दाब."

अर्ध्या तासाने भोंगा वाजला. आजच्या चाचणीचं रानातल्या बायकांना कुणी सांगितलं नव्हतं. भागीमावशी अंगणात येऊन डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. वरून हाळ्या येऊ लागल्या आणि ती बोटांवर मोजू लागली. हर्षलाचे डोळे भरून आले.

"सात," मावशी म्हणाली. "समद्या उतरतात."