काळी चारच्या खालचा पडदा

गणपतबुवा परबांच्या निलेशने चांगली वाजणारी गिटार पदरचे पैसे घालून बिघडवून आणली, यावर काळाचौकीतल्या त्यांच्या चाळीत एकमत होतं. गिटारच्या मानेवर आडव्या पट्ट्या असतात, त्यांना पडदे म्हणायचं. भायखळ्याच्या एका कारागिराकडून त्याने दर दोन पडद्यांच्या मधे आणखी एकेक पडदा बसवून घेतला होता. कशासाठी, तर सुरांच्या मधले सूर वाजवायला. वय चौतीस, नोकरी विम्याच्या कंपनीत, लग्नाचा पत्ता नाही, आणि डोक्यात हे.

संध्याकाळी तो गॅलरीत बसून नव्या कॉर्ड वाजवी. एरवीच्या कॉर्ड एक तर हसऱ्या असतात नाहीतर रडक्या. निलेशच्या कॉर्डना नेमकं काय झालंय तेच कळत नसे. जुनी सिनेमातली गाणी तो त्यांत बसवी, आणि ऐकणाऱ्याला वाटे, गाणं ओळखीचं आहे पण आजारी आहे. शेजारच्या रमाबाईंनी एकदा आल्याचा तुकडा आणून दिला. कुणासाठी ते सांगितलं नाही.

बुवांनी गिटार उलटसुलट करून बघितली. "ह्या काय रे? शिडी?"

"बाबा, ह्याला क्वार्टर टोन म्हणतात."

"क्वार्टर माका म्हायत आसा. त्येच्यानंतर लागतत ते सूरय म्हायत आसत."

विषय संपला. बुवांचे सगळे विषय असेच संपत. ते कामाला होते ती गिरणी बंद पडली, पण बुवा बंद पडले नाहीत. गेली चाळीस वर्षं ते डबलबारी गात होते. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवा समोरासमोर बसणार, आळीपाळीने अभंग, गजर गाणार आणि मधेमधे एकमेकांची यथेच्छ उतरवणार. देवाचं नाव घेऊन भांडायची इतकी चांगली सोय दुसरीकडे नाही. आपली पेटी प्रत्येक बुवा स्वतःच वाजवतो. गणपतबुवांची पेटी त्यांच्या गुरूंची होती आणि पट्टी होती काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा. चाळीस वर्षांत तिच्याखाली ते कधी गायले नव्हते. पट्टी उतरवायची तर त्यापेक्षा मिशी उतरवेन, असं ते म्हणत.

एका सकाळी भाकऱ्या थापता थापता निलेशच्या आईने, सुभद्राबाईंनी, त्याला जवळ बोलावलं. बुवा मोरीत अंघोळ करत गात होते.

"आयक," त्या हळूच म्हणाल्या. "सुरवातीक बरो लागता. तिसऱ्या गजराक तुझो बापूस उतारता. सगळ्यांका कळता, बोलणत नाय कोण."

निलेशने ऐकलं. आवाज काळी चारवरून खरंच घसरला होता, पण खालच्या पांढरी पाचपर्यंत पोचला नव्हता. मधेच कुठेतरी थांबला होता, आणि थांबला तिथे मात्र ठाम उभा होता. पेटीत त्या दोन पट्ट्यांच्या मधे नुसतं लाकूड असतं. त्यामुळे पेटी वाजत असली की बुवा बेसूर, आणि मोरीत नुसते गात असले की एकदम सुरेल.

"तुझ्या त्या शिडीत आसा काय तो सूर?" आईने विचारलं.

निलेशने गिटार आणली. काळी चारच्या एक पडदा खाली बोट ठेवलं, कॉर्ड छेडली. मोरीतला आवाज आणि ती कॉर्ड जिवाभावाची असल्यासारखी एकमेकांना चिकटली. सुभद्राबाईंच्या हातातली भाकरी तव्यावर करपली आणि त्यांनी ती करपू दिली. "रविवारी घेऊन ये ह्या," त्या म्हणाल्या. "तेका सांगा नको."

रविवारी दुपारी बारी होती, प्रभादेवीच्या उन्मेषबुवांशी. उन्मेष तिशीतला, केसांना जेल लावणारा, गळ्याने तरणाबांड आणि जिभेने त्याहून. त्या बारीत गणपतबुवा उतरले तर तो चारशे माणसांसमोर त्यांची सालं काढणार हे सुभद्राबाईंना ठाऊक होतं. बुवांनाही असावं, कारण सकाळपासून ते कुणावर ओरडले नव्हते.

पहिल्या फेरीतच उन्मेषने सुरुवात केली. "बुवा, तुमची काळी चार आता पिकत चालली. कलप लावा." हॉल खदखदून हसला. बुवाही हसले, पण तोंडानेच.

बुवांची फेरी आली. पहिला गजर झकास, दुसरा बरा. तिसऱ्याला आवाज सुटला आणि खाली आला. पेटी काळी चारला चिकटून बसली आणि दोघांत अशी फट पडली की पहिल्या रांगेतल्या बायका मांडीवरचे रुमाल नीट करू लागल्या. झांजवाले जीव खाऊन झांजा वाजवू लागले. पखवाजावर हितेंद्र होता, पण त्याचा पखवाज मुळात कुठल्याच सुराला बांधील नव्हता. उन्मेष हसत पुढे वाकला.

कोरसच्या मागच्या रांगेत निलेशने गिटारवरची चादर काढली. साधी गिटार असती तर सहाही खुंट्या पिळेपर्यंत आरती आली असती. त्याने हात नुसता एक पडदा खाली सरकवला आणि कॉर्ड धरली.

बुवांचा आवाज दचकला, मग तिच्यावर टेकला. त्यांनी मागे वळून पाहिलं. आता गळा आणि गिटार एकीकडे होते आणि बेसूर कुणी असलंच तर ती गुरूंची पेटी होती. हे हॉलला कळायच्या आधी बुवांना कळलं.

डबलबारीत एक नियम सगळे पाळतात. फेरी चालू असताना बुवा पेटीवरचा हात काढत नाही. भाता मिटला की फेरी सोडली, बारी हरली. बुवांची बोटं पट्ट्यांवर चालत राहिली, दोन ओळी, तीन ओळी. आणि मग त्यांनी भाता मिटला, कडी लावली आणि मांडीवर हात ठेवून गाऊ लागले.

संयोजकाने घड्याळात पाहून वहीत काहीतरी लिहिलं. हितेंद्रचे हात थांबले होते, सुभद्राबाईंनी खालून डोळे वटारले तसे पुन्हा सुरू झाले. निलेशच्या आजारी कॉर्ड त्या गळ्याखाली ठणठणीत उभ्या होत्या. बुवा वीस मिनिटं गायले. वाटेत आवाज आणखी केसभर हलला, निलेश त्याच्या मागोमाग गेला. शेवटच्या गजराला उन्मेषचा कोरस टाळ्या वाजवत होता आणि त्यांना आवरावं हे उन्मेषला सुचलं नाही.

शाल-श्रीफळ अर्थातच उन्मेषला मिळालं. भाता मिटलेल्या बुवाला देत नाहीत. त्याने शाल घेतली, फोटो काढून घेतले, आणि ते बरोबरच होतं.

हॉल रिकामा झाला तेव्हा बुवा एका खुर्चीत बसून होते. निलेश समोर जाऊन उभा राहिला. शिव्या खायची त्याची तयारी होती.

"माझो सूर खयंसर आसा, दाखव," बुवा म्हणाले.

निलेशने पडदा दाखवला. बुवांनी त्यावर अंगठा ठेवला. "आणि काळी चार?" निलेशने शेजारचा दाखवला. दोन्हींच्या मधे बोटभरही जागा नव्हती. बुवा ती जागा बराच वेळ बघत राहिले.

"एवढाच?" ते म्हणाले. "दोन वर्सा माका वाटता, मी संपलंय."

बुवांनी अंगठा हळूहळू गिटारच्या टोकाकडे सरकवत खालचे पडदे मोजले.

"अजून सहा आसत," ते म्हणाले. "पुरतीत माका."