पाहुण्यांसाठी राखीव खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. जुनी असले तरी सध्या माझे उत्तम चालले आहे. अंगाला नवे पॉलिश आहे, बैठकीवर मऊ गादी आहे आणि रोज सकाळी माझ्यावरून फडके फिरते. एका इमारतीच्या लॉबीत, लिफ्टच्या समोर माझा मुक्काम असतो. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा स्वतःचे रडगाणे गातात. माझी तक्रार माझ्याबद्दल नाही, एवढे आधीच सांगून ठेवते.

मला एका सुताराने जेवणाच्या टेबलाबरोबर घडवले. आम्ही सहा बहिणी. सुतार हाताचा चांगला आणि तोंडाचा फटकळ होता. "मागे रेलून झुलायचं नाही, पाय निखळतील," असे त्याने गिऱ्हाइकाला बजावले. चौथ्या मजल्यावरच्या त्या बाईंनी मान डोलावली आणि त्यांच्या लेकाने पहिल्याच आठवड्यात माझ्यावर झुलायला सुरुवात केली. काही वर्षांत माझा मागचा पाय खिळखिळा झाला. पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून बाईंनी मला खाली पाठवून दिले. "वॉचमनला द्या, तेवढीच त्याची सोय," असे म्हणताना त्यांना स्वतःचे किती कौतुक वाटत होते, ते चेहऱ्यावर दिसत होते.

खाली वॉचमनकाका होते. इमारतीत सगळे त्यांना काका म्हणत. त्यात आपुलकी फारशी नव्हती. नाव विचारायचे राहून गेले होते, इतकेच. काकांनी माझ्या पायात पाचर ठोकली, वरून तार आवळली आणि मला हलवून बघितले. मग ते बसले आणि त्यांनी असा काही श्वास सोडला की मी टेबलापाशी इतकी वर्षे काढल्याचे मला वाईट वाटले.

काका आधी कापडाच्या कारखान्यात होते. आयुष्यभर यंत्रासमोर उभे राहून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. आता उभ्याचे काम केलेत तर चालणे बंद होईल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. घर तर चालवायला हवेच होते. हे काम बसून करायचे आहे, एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांनी ते पत्करले होते.

"बसायला मिळतं ना?" बायको फोनवर विचारायची.

"मिळतं. चांगली खुर्ची दिलीय."

"मग मला घोर नाही."

मित्रांनो, ज्या घरात मी कधी पाऊल ठेवले नाही, त्या घरात माझी वाहवा होत होती.

मी काकांना पुरती मिळाले, असे मात्र समजू नका. कोणाच्या हातात पिशव्या दिसल्या की ते उठत, दार धरत, लिफ्टचे बटण दाबत. अर्ध्या लोकांचे त्यांच्याकडे लक्षही नसे. एका दुपारी लॉबीत कोणी नव्हते. काका खाली वाकून दोन्ही हातांनी गुडघे चोळत होते. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या बाई बाहेरून आल्या. त्यांनी मोबाइल काढून फोटो घेतला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, 'आपली सुरक्षा झोपली आहे.'

संध्याकाळी सेक्रेटरी आले.

"काका, खुर्ची असली की डुलकी लागणारच. मोठ्या हॉटेलच्या दारातला माणूस बघा, कसा ताठ उभा असतो."

"झोपलो नव्हतो साहेब. गुडघे दुखतात."

"दुखतात तर घरी आराम करा ना. अडवलंय कुणी?"

लॉबीला लागूनच विजेच्या मीटरची खोली आहे. मला त्या खोलीत कोंडले आणि किल्ली सेक्रेटरींनी स्वतःकडे ठेवली. दाराच्या जाळीतून मला काका दिसत. कधी या पायावर भार देत, कधी त्या. कोणी नाही असे बघून भिंतीला टेकत आणि चाहूल लागली की पुन्हा ताठ होत. बायकोचा फोन आला की म्हणत, "हो, बसलोय." तेवढे ऐकून मला संताप यायचा. काकांचा नव्हे.

पुढे चौथ्या मजल्यावरच्या बाईंचे वडील हॉस्पिटलमधून परत आले. नेमकी त्या दिवशी लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती. म्हातारा माणूस लॉबीत येईपर्यंतच थकला, त्याचे पाय लटपटू लागले.

"वॉचमन, आधी खुर्ची आणा," बाई म्हणाल्या.

"ती कुलपात आहे, बाई. किल्ली साहेबांकडे."

बाई किल्लीसाठी जिना चढून धावल्या. काकांनी पाठ भिंतीला लावली आणि आजोबांना अंगावर घेतले.

"अहो, तुमचेच पाय थरथरतायत," आजोबा म्हणाले.

"तुम्ही टेका. मी पडू देणार नाही."

किल्ली यायला बराच वेळ लागला. जाळीच्या आत मी रिकामी होते आणि बाहेर एक म्हातारा दुसऱ्या म्हाताऱ्याची खुर्ची झाला होता.

त्यानंतर माझे नशीब उघडले. "लॉबीत बसायला साधी खुर्ची नसावी? माणुसकी आहे की नाही?" बाईंनी मीटिंगमध्ये विचारले आणि सगळ्यांना ते पटले. माझा पाय नीट बसवला गेला, पॉलिश झाले, गादी आली. मागे भिंतीवर पाटी लागली, 'रहिवासी व पाहुण्यांसाठी राखीव'. तिचा खिळा काकांनाच ठोकायला लावला.

काकांनी एकदाच विचारून पाहिले. "साहेब, कुणी नसेल तेव्हा मी टेकलो तर?"

"एकदा सूट दिली की शिस्त राहत नाही, काका."

मग काका माझ्या शेजारी उभे राहू लागले. अख्खा दिवस माझ्यावर कोणी बसत नसे. रोज सकाळी ते मला पुसत आणि बाजूला होत. थंडी संपेपर्यंत त्यांना पायरी चढता येईनाशी झाली आणि वॉचमन पुरवणाऱ्या कंपनीने दुसरा माणूस पाठवला.

शेवटच्या दिवशी बायको त्यांना न्यायला आली. काका गणवेश उतरवून घरच्या कपड्यांत उभे होते. "बसा की काका, आता तुम्ही पाहुणेच," नवा वॉचमन म्हणाला.

"नको. आता बसलो तर उठता यायचं नाही."

बायको माझ्याजवळ आली. "हीच का ती?" तिने विचारले आणि गादीवरून हात फिरवला. "किती मऊ आहे. एवढी चांगली खुर्ची होती, तरी गुडघे असे कसे हो झाले?"

काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते चालायला लागले.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी वस्तूंची काळजी घ्यायला सांगतात. माझी काळजी घेणारे पुष्कळ आहेत. नवा वॉचमन या क्षणी माझ्या शेजारी उभा आहे. जाता-येता त्याला 'बस' म्हणा. आणि म्हणून निघून जाऊ नका. तो बसेपर्यंत तिथेच थांबा.