फाटकाला लागलेलं कुंकू

मित्रांनो, गेटमनच्या खोलीमागे बाभळीखाली एक वाकडा लोखंडी दांडा पडलेला आहे. अंगावर लाल-पांढरे पट्टे, मधोमध मोडलेला. तोच मी, रेल्वेच्या फाटकाचा जुना दांडा. सोलापूरहून अक्कलकोटच्या अंगाला रूळ जातात, त्यांवर एका गावाच्या तोंडाशी माझं आयुष्य गेलं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. अशी गावं आणि अशी फाटकं तुमच्याकडेही आहेत.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथं मला तापवलं, ठोकलं, रंगवलं आणि मालगाडीत घालून इथं आणलं. काम सोपं होतं. गाडी यायची झाली की खोलीतला फोन वाजायचा, गेटमन विरुपाक्षमामा चाक फिरवायचे आणि मी खाली यायचो. समोर शहराच्या बाजूला माझा जोडीदार दांडाही खाली यायचा. गाडी गेली की आम्ही दोघं वर. सुरुवातीला लोकांना माझं फार कौतुक होतं. ज्वारीच्या गाड्या, शेळ्यामेंढ्यांचे कळप, एसटी, सगळे माझ्यासमोर निमूट थांबायचे. बायका डोक्यावरची ओझी खाली ठेवून गप्पा मारायच्या. कुणाची सून कशी आणि कुणाच्या विहिरीला पाणी किती, हे मला गावाच्या आधी कळायचं.

तेव्हा रूळ एकेरी होते. एक गाडी गेली की रस्ता मोकळा, हे गावानं आजोबापणजोबांपासून पाठ केलं होतं. शेवटचा डबा सरकला की मामांनी चाकाला हात लावायच्या आधीच माणसं निघायची. मोटारसायकल तिरकी करायची, मान वाकवायची, मी पाठीला लागू नये म्हणून एका हातानं मला उचलून धरायचं आणि पलीकडे. आपला हात जगन्नाथ! मामा ओरडायचे, पण पालथ्या घड्यावर पाणी. "अति घाई संकटात नेई" असं ज्यांच्या ट्रॉलीमागे रंगवलेलं असायचं, ते ट्रॅक्टरवालेच मी खाली येताना बघून वेग वाढवायचे.

मग शेजारी दुसरा रूळ आला. गावानं पेढे वाटले, साहेबांनी हार घालून घेतले. रूळ दोन झाले, पण गावाच्या अंगातली सवय एकाच रुळाची राहिली.

गुरुशांत दूध घालायला रोज सोलापूरला जायचा. हसऱ्या तोंडाचा, कपाळावर विभूती, मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी किटल्या. सकाळी जाताना भरलेल्या किटल्या मुक्या असायच्या आणि परत येताना रिकाम्या किटल्या खडखड वाजायच्या. त्या आवाजावरून मी त्याला लांबून ओळखायचो. त्या दिवशी उन्हं वर आली होती. मालगाडी जात होती. तो शहराच्या बाजूला उभा होता, आणि धूळ उडवत शेवटचा डबा गेला.

"मामा, उचला की! गेली की गाडी!"

"थांब, दुसरी हाय!" मामा खोलीतून ओरडले.

त्यानं ऐकलं की नाही, कोण जाणे. माझ्या जोडीदाराखालून तो वाकून आला आणि पहिला रूळ ओलांडून माझ्याकडे निघाला. घाबरले की मामांच्या तोंडून कानडी निघते. "निल्लो! गुरुशांत, निल्लो!" थांब, थांब, एवढंच मी ऐकलं. मालगाडीनं झाकलेली एक्सप्रेस दुसऱ्या रुळावरून आली होती. घाई त्याला कशाची होती? कसलीच नव्हती. घरी जाऊन जेवायचं होतं.

एक किटली घरंगळत माझ्या पायाशी आली आणि बराच वेळ गोल गोल फिरत राहिली. मित्रांनो, तो आवाज अजून गेलेला नाही. दुपारी रस्ता ओस असतो, वाऱ्याचा मागमूस नसतो, आणि शहराच्या बाजूनं रिकाम्या किटल्या वाजत येतात. आधी मला वाटायचं, आपल्यालाच भास होतो. पण एकदा पाहिलं तर मामाही ताटावरून उठून बाहेर आले होते. ते उष्ट्या हातानं उभे राहून रस्त्याकडे बघत होते.

तेराव्यानंतर कुणीतरी माझ्या खांबाशी एक दगड मांडला. कुणी त्याला कुंकू लावलं, मग मलाही लावलं. "गुरुशांत फाटकावर राखणीला बसलाय," असं एकानं म्हटलं, दुसऱ्यानं मान डोलावली, आणि महिन्याभरात मी देव झालो! वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून खेपा करणाऱ्या जीपवाल्यांनी नारळ फोडले, ट्रॅक्टरवाल्यांनी लिंबं बांधली. नमस्कार करायचा आणि खाली येणाऱ्या माझ्याखालून निर्धास्त निघायचं, अशी नवी रीतच पडली. पूर्वी निदान भिऊन वाकायचे, आता भीतीही गेली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं मेल्यावरही गेली नाही.

सगळ्यांत मोठा भक्त गुरुशांतचा धाकटा भाऊ, अमरेश. तो वडापची जीप चालवायचा. गाव ते सोलापूर, दिवसाला चार खेपा. गुरुशांतची लेक सोलापूरच्या शाळेत होती. काकाच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून ती जायची आणि यायची. तिची आई धनलक्ष्मी मात्र नवरा गेल्यापासून फाटकाकडे फिरकली नव्हती. शेतात जायलासुद्धा ती ओढ्याच्या लांबच्या वाटेनं जायची. एकुलती एक लेक रोज माझ्याखालून जाते, हे तिला ठाऊक होतं. "मी येईस्तोवर दार लावून बसती," असं लेक एकदा मामांना म्हणाली होती.

"अमरेश, पोरगी हाय रं गाडीत," मामा बजावायचे.

"अण्णा हाय की हितं राखणीला! तुमी कशाला भिता?" असं म्हणून तो कपाळाला हात लावायचा आणि सुटायचा. ते ऐकून मला ओरडावंसं वाटायचं. अरे, मी लोखंड आहे. मला खाली येता येतं आणि वर जाता येतं. तिसरं काही मला येत नाही.

आणि तो बाजाराचा दिवस आला. जीप खच्चून भरलेली, मागे माणसं लोंबकळलेली. आम्ही दोघं खाली येत होतो. अमरेशनं हॉर्नवर हात दाबून धरला, जोडीदाराखालून जीप घातली आणि माझ्यापर्यंत पोचेस्तोवर मी पुरता आडवा झालो होतो. काचेतून मला त्या मुलीचं तोंड दिसलं. थांबायला जागा फक्त रुळावर होती. त्यानं तशीच जीप माझ्या अंगावर घातली. मी मोडलो, काच फुटली, जीप पलीकडे पोचली. मागून गाडी धडधडत गेली तेव्हा जीपमधल्या माणसांची तोंडं अजून उघडीच होती.

पहिली बोलली ती रत्नम्मा, कपाळातून रक्त येणारी म्हातारी. "गुरुशांतानं तारलं गं बाई!" झालं! सगळ्यांनी माझ्या तुटक्या अंगाला हात जोडले. मुलगी रडत घरी पळाली. अमरेश दुकानातून नारळ घेऊन आला. त्याच्या तोंडावर आनंद होता.

तेवढ्यात धनलक्ष्मी आली. अनवाणी, धापा टाकत, सरळ फाटकाच्या वाटेनं. गर्दी आपोआप बाजूला झाली. तिनं अमरेशच्या हातातला नारळ काढून घेतला आणि फोडला नाही. त्याची शेंडी उपटली, मामांच्या रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं आणि खाली बसून माझ्या अंगावरचं कुंकू घासायला लागली.

"वैनी, काय करताय? अण्णाचं हाय त्ये!" अमरेश ओरडला.

"तुजा अण्णा हितं न्हाय." ती घासतच होती. लाल पाणी मातीत चाललं होतं. "त्येंला सोताला राकता आलं न्हाय, तुला काय राकत्याल? राकणीला बसले न्हाईत ते. मेले. थांबले न्हाईत म्हणून मेले. आन् तू माज्या लेकीला घिऊन त्येंच्याच वाटंनं निघालास व्हय रं?"

अमरेश तिच्यासमोर मातीत बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. भाऊ गेला त्या दिवशी तो रडला नव्हता, हे मी पाहिलेलं आहे. त्याला रडायला सवडच झाली नव्हती. आम्ही त्याच्या भावाचा लगेच देव केला होता.

आता माझ्या जागी नवा दांडा आहे. परगावचे लोक ऐकीव गोष्टीवरून अजून येतात आणि त्यालाही कुंकू लावतात. परवा एकानं लावलं. फाटक बंद होतं. अमरेश जीपमधून उतरला आणि त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं ते पुसून टाकलं.

"देवाचं पुसतोस व्हय रं?" तो माणूस खवळला.

"हितं देव न्हाय, काका," अमरेश म्हणाला. "हितं माजा भाऊ मेलाय."

मालगाडी गेली. मागचे हॉर्न वाजू लागले, जीपमधली माणसं "चल की" म्हणाली. पुढच्या सीटवर पुतणी होती. अमरेशनं किल्लीला हात लावला नाही.

मित्रांनो, मला हार नको, नारळ नको. पहिली गाडी गेल्यावर रुळांवर जरा वेळ शांतता असते. तेव्हा रस्ता मोकळा दिसतो, आणि मला रिकाम्या किटल्या ऐकू येतात. दांडा वर जाईपर्यंत तेवढं थांबा. कधी दुसरी गाडी येते, कधी येत नाही. गुरुशांतनं तेवढंच थांबायला हवं होतं.