खडूच्या कुंडलीतला शुक्र

सुट्टीच्या दिवशी सकाळी ज्योतिषी आजोबा खोलीतलं सामान भिंतीला लावत आणि मधल्या फरशीवर खडूने मोठी कुंडली आखत. बारा घरं, प्रत्येकात एक मूल उभं राहील एवढी. इमारतीतली मुलं ग्रह व्हायची. पुस्तकातून शिकवलेलं डोक्यावरून जातं, पायांनी शिकलेलं राहतं, असं आजोबांचं मत होतं. त्यांची नात चिमणी अकराव्या वर्षीच कुठल्या राशीचा मालक कोण, ते झोपेतही सांगायची.

त्या सकाळी धडा मारक घरांचा होता.

"आठवं घर आयुष्याचं," आजोबा म्हणाले. "आता आठव्यापासून आठ मोजा. कुठे आलात?"

"तिसऱ्यात."

"तेही आयुष्याचं. आणि कुठल्याही घराच्या मागचं घर म्हणजे त्या घराची गळती. टाकीला खाली भोक असावं तसं. आठव्याच्या मागे सातवं, तिसऱ्याच्या मागे दुसरं. ही दोन मारक घरं. त्यांचा मालक तो मारकेश."

"भाडं थकलं की मारतो का?" जाड्याने विचारलं. तो नेहमी गुरू व्हायचा, कारण गुरू सगळ्यांत मोठा.

"तू गप उभा राहा. तुझं घर आधीच भरलंय."

त्या दिवशी पहिल्या घरात मेष रास होती. मेषेला दुसऱ्या आणि सातव्या घराचा मालक एकच, शुक्र. शुक्र चिमणी होती, दुसऱ्या घरात उभी. आजोबांनी टाळी वाजवली की शुक्राची दशा, म्हणजे त्याच्या अमलाची वर्षं, सुरू, आणि मारकेशाने पळत जाऊन पहिल्या घरातल्याला, म्हणजे ज्याची कुंडली त्यालाच, शिवायचं. चिमणीने शिवलं. पहिल्या घरातला पोरगा हातपाय पसरून आडवा झाला आणि सगळी ओरडली, "मेला, मेला."

खरं तर मारकेश बघण्याआधी माणसाचं आयुष्य किती ते काढायचं असतं. पण तो भाग आकडेमोडीचा. मुलं जांभया देतात, म्हणून आजोबा तो पुढच्या खेपेवर ढकलत.

दारात शिवणकाकू उभ्या होत्या. खालच्या मजल्यावर त्यांचं शिवणाचं काम चाले. चिमणीचा उसवलेला फ्रॉक त्यांनी शिवून आणला होता. त्यांनी फरशीकडे पाहिलं, आडव्या पोराकडे पाहिलं, फ्रॉक खुर्चीवर ठेवला आणि खाली निघून गेल्या.

दोन दिवसांनी त्यांचा मुलगा वर आला. बेकरीच्या भट्टीवर कामाला होता, भुवयांत पीठ तसंच होतं.

"आजोबा, आईला काय सांगितलंत तुम्ही?"

"मी? काही नाही. ऑपरेशनला चांगला दिवस विचारून गेली होती, तो मी अजून काढतोय."

"ती आता ऑपरेशनच नको म्हणते. पोटात लिंबाएवढी गाठ आहे, डॉक्टर म्हणतात परवा काढू. ही म्हणते, शुक्राची दशा संपेपर्यंत मला कुणी हात लावायचा नाही. गुरुजींच्या घरी मी माझं मरण डोळ्यांनी पाहिलंय, म्हणते."

आजोबांनी रिकाम्या फरशीकडे पाहिलं. पहिल्या घरात मेष आणि रवी. दुसऱ्यात शुक्र. सातव्यात शनी, चौथ्यात चंद्र. दिवस काढताना आठवडाभर काकूंचीच कुंडली डोक्यात घोळत होती, आणि खडूने हाताने तीच उतरवली होती. लग्न जुळवताना ती इतक्या स्थळांकडून परत आली होती की काकूंना ती पाठ होती.



"आजोबा, ती काकूंची होती?" चिमणीने विचारलं. "मी काकूंना मारलं?"

"तू नाही," आजोबा म्हणाले. "चल खाली."

शिवणकाकूंनी मशीनवर चादर टाकली होती. गिऱ्हाइकांचं न शिवलेलं कापड घड्या घालून परत द्यायला काढलं होतं. त्या पोटावर हात दाबून बसल्या होत्या.

"ताई, तो पोरांचा खेळ होता," आजोबा म्हणाले.

"कुंडली पोरांची नव्हती, गुरुजी."

"चूक माझी. पण विचार करा. शुक्राची दशा वीस वर्षांची. तुम्हाला लागून सोळा झाली. न्यायचंच असतं तर एवढी वाट पाहिली असती का त्याने?"

"मला नाही नेलं. ह्यांना नेलं," काकू शांतपणे म्हणाल्या. "सातवं घर नवऱ्याचं, हे तुम्हीच सांगितलं होतं. आता दुसऱ्या घराचं उरलंय."

आजोबांनी न शिवलेल्या कापडाची एक घडी उचलली आणि परत ठेवली.

"मारकेशाआधी आयुष्य बघतात ना?" काकू म्हणाल्या. "मग माझं काढा. आकडा सांगा, मी आत्ता उठते."

आजोबांनी तो गेल्या आठवड्यातच काढला होता. त्याप्रमाणे काकूंचं आयुष्य ह्याच दशेत संपत होतं. तो आकडा पोटात ठेवून ते रोज दिवस शोधत बसले होते, आणि एकही दिवस त्यांना धड वाटत नव्हता. खोटं सांगून मोकळं होता आलं असतं. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"तुम्हाला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "तोंडावर लिहिलंय तुमच्या."

आजोबा मशीनसमोरच्या स्टुलावर बसले.

"चिमणीच्या आजीचं मी ब्याऐंशी काढलं होतं," ते म्हणाले. "तीनदा ताडून पाहिलं होतं. तिला धाप लागायला लागली तेव्हा मी म्हटलं, अजून एकवीस वर्षं आहेत, घाई कसली. डॉक्टरकडे उशिरा नेलं. एकसष्टाव्या वर्षी गेली ती."

चिमणी आजोबांकडे अशी बघत होती, जणू भिंतीतून कुणी परका माणूस बाहेर आलाय. घरात आजवर सगळे म्हणत आले होते, आजीची वेळ भरली होती.

"म्हणून मी कुणाला आयुष्य सांगत नाही. लोकांना वाटतं, शास्त्रात मनाई आहे म्हणून. ताई, मला ते येत नाही. तुमचा आकडा माझ्याकडे आहे, पण तो त्याच हाताने काढलाय."

काकूंनी विचारलं, "त्या डॉक्टरला तरी कळतं का?"

"तुमच्या आतलं डॉक्टरांनी यंत्रातून पाहिलंय. मी बाहेरून मोजतोय."

काकू खुर्चीला धरून उठल्या. "हे आणखी कुणाला सांगू नका, गुरुजी. पोटावर पाय येईल तुमच्या." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "तू भुवया पूस आणि गाडी बोलव. परवापर्यंत माझा धीर टिकायचा नाही."

त्याच दुपारी इस्पितळात त्यांना ऑपरेशनसाठी आत नेलं. मुलगा औषधं आणायला खाली गेला होता. बाहेर बाकावर आजोबा आणि चिमणी बसले होते. तिने अजून त्यांचा हात धरला नव्हता.

दार उघडलं. डॉक्टरीण बाई घामेजलेल्या होत्या.

"गाठ फुटायला आली होती," त्या म्हणाल्या. "निघाली पूर्ण. पण त्या थांबायचं म्हणत होत्या ना? चार दिवस थांबल्या असत्या तर इथपर्यंत आल्याच नसत्या. कोण असं डोक्यात भरवतं लोकांच्या?"

आजोबा बाकावरून उठले आणि हात जोडून उभे राहिले.

"आपण कोण त्यांचे?" डॉक्टरीण बाईंनी जरा मऊ आवाजात विचारलं.



"वर राहतो आम्ही," चिमणी म्हणाली.