दुपारची बाग

हवा मोजणाऱ्या यंत्रांची देखभाल हे त्याचं काम. शहरात अशी चार यंत्रं होती. गाळण्या बदलायच्या, नळ्या पुसायच्या, आकड्यांचा कागद काढून सही ठोकायची आणि वर पाठवायचा. सहा वर्षं त्याने हे इमानेइतबारे केलं. आकडे वाचायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याच्या आठ वर्षांच्या लेकीला, चिंगीला, दमा होता. घर हमरस्त्याला लागून. खिडकी उघडली की धूर आत. तिला मोकळ्या हवेत न्यावं म्हणून त्यानेच शहराच्या टोकाची मोठी बाग सुचवली. झाडं, तळं, वर निळंशार आकाश. शाळा सुटली की बायको तिला तिथे नेऊ लागली.

पंधरा दिवसांत खोकला दुप्पट झाला. चिंगी झोपाळ्यावरून उतरायची, बाकावर बसून खांदे वर करकरून श्वास ओढायची. दम्याच्या औषधाचा पंप दिला की थोड्या वेळाने बरं वाटायचं.

"हे होतं कधी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दुपारी, बागेत," बायको म्हणाली. "घरी त्यामानाने बरी असते."

डॉक्टरीणबाई त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही हवेच्याच खात्यात ना? बागेत दुपारी ओझोन किती असतो? श्वासातून गेला की तो दम्याला वाईट."

"बघून सांगतो," तो म्हणाला.

बागेतलं यंत्र माळ्याच्या खोलीमागे होतं. त्याने कागद काढला आणि सहीच्या वर काय असतं ते पहिल्यांदा वाचलं. सकाळी ओझोनची रेघ तळाला, दुपारी तीन-चारच्या सुमाराला डोंगर. रोज. गाड्यांच्या धुरावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. भर रस्त्यात ताजा धूरच त्यातला बराचसा खाऊन टाकतो. बागेत खाणारं कोणी नसतं. हे सगळं प्रशिक्षणात शिकवलं होतं. तेव्हा त्याचं लक्ष जेवणाच्या सुट्टीकडे होतं.

त्याने घरी सगळं सांगितलं. बायकोने भाजी चिरणं थांबवलं नाही.

"मग सहा वर्षं तू करत काय होतास?"

"सह्या."



दुसऱ्या दिवशी कागद घेऊन तो चिंगीच्या शाळेत गेला. तिथे खेळाचा तास तीनला असे.

"आकाश तर किती स्वच्छ आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"हो बाई. कडक ऊन पडतं ना, तेच नडतं."

बाईंनी रेघेवरून बोट फिरवलं. मग उठल्या आणि वर्गावर्गात जाऊन विचारून आल्या, पंप कोणाकोणाकडे आहे. एकोणीस पोरं निघाली.

"मला चार-पाच वाटत होती," त्या म्हणाल्या. पुढच्या सोमवारपासून खेळ सकाळी आठला आला, गणित दुपारी गेलं. गणिताचे सर नाराज झाले.

बायको चिंगीला आता बागेत रविवारी सकाळीच नेऊ लागली. तिचा दमा काही गेला नाही. दुपारचा पंप मात्र आठवड्यातून एखाद्या वेळेवर आला. शाळेच्या शर्यतीत ती शेवटून दुसरी आली, आणि घरी येऊन तिने ते छाती पुढे काढून सांगितलं. शेवटच्या मुलीचा पाय मुरगळला होता, हे बायकोला नंतर कळलं.