रूनाच्या कानात डोकावलो तेव्हा

मी एक जुना ओटोस्कोप आहे, मुलांच्या कानात डोकावणारा. मुठीत मावेल असा दांडा, वर इवलासा दिवा आणि भिंग. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर, डॉक्टर इंगुन यांच्या दवाखान्यात माझी हयात गेली. मित्रांनो, सर्दीच्या दिवसांत मला उसंत नसे. लाल झालेले कान, मळाने बुजलेले कान, एकदा तर चक्क वाटाणा!

एका हिवाळ्यात आर्विद नावाचा मच्छीमार आपल्या रूनाला घेऊन आला. पोर नुकतीच शाळेत जाऊ लागलेली. बाप चांगलाच तापला होता.

"हाक मारली तर ढिम्म हलत नाही, डॉक्टर! काल धक्क्यावर मागून ट्रक येतोय, मी घसा फोडून ओरडतोय, आणि बाईसाहेब मासे बघतायत. ओढली म्हणून वाचली."

"सर्दी असते का हिला?"

"सर्दी? बाराही महिने नाक गळतंय."

डॉक्टरांनी मला रूनाच्या कानाशी धरलं. निरोगी कानाचा पडदा मोत्यासारखा चमकतो. हिचा मलूल होता. मागे चिकट पाणी साचलेलं. दुसऱ्या कानातही तेच.

"आर्विद, ही हट्टी नाही रे. हिला कमी ऐकू येतंय."

मग डॉक्टर रूनासमोर बसल्या. "बाबाचं बोलणं कळतं का गं?"

रूनाने मान खाली घातली. "बाबा रुसलाय माझ्यावर. नुसता पुटपुटतो."

आर्विदने गुडघे टेकले आणि तिला छातीशी धरलं.

असं पाणी पुष्कळदा आपोआप ओसरतं. रूनाचं मात्र महिनोन् महिने ओसरेना, श्रवणचाचणीतही ऐकणं कमीच भरलं. शहरातल्या इस्पितळात पाणी ओसरून आत हवा खेळावी म्हणून तिच्या पडद्यांत बारीक नळ्या बसवल्या. वसंतात ती परत आली, तेव्हा मी पुन्हा डोकावलो. पडदे लख्ख होते.

"काय रूना, आता कसं?" आर्विदने नेहमीसारखा आवाज चढवला.

"ओरडतोस काय, बाबा? इथेच तर आहे मी!"

डॉक्टर खळखळून हसल्या. आर्विद हसता हसता डोळे पुसत राहिला.

आता स्क्रीनवर कानाचं चित्र दाखवणारं नवं यंत्र आलंय. मी खणात पडून असतो. माझं काही म्हणणं नाही. फक्त मित्रांनो, कानात काडी घालू नका. कान दुखला, आवाज दबल्यासारखा वाटला, तर घरी सांगा. आणि वर्गातला कुणी हाकेला ओ देत नसेल, तर त्याला शिष्ट म्हणू नका. त्याच्यासमोर जाऊन बोला. कदाचित तो केव्हाचा वाट पाहत असेल, आपल्याशी कुणी बोलेल म्हणून.