दाराला डकवलेला कागद

नंदुरबारच्या ज्या गल्लीत दाऊद कल्हईवाला राहत होता, तिथे शहाण्यांना काही तोटा नव्हता. आणि या सगळ्या शहाण्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: कोर्टाचा कागद हातात घ्यायचा नाही. घेतला नाही तर दावा चालतच नाही! म्हणून बेलीफ नाक्यावर दिसला, की पहिला पाहणारा रिकाम्या घागरीवर तीन टोले हाणी. ज्याच्यावर दावा असेल त्याने घरात दडायचं, बायकोने बाहेरून कुलूप ठोकून शेजारी जाऊन बसायचं. बेलीफ कुलूप पाहून परत जाई आणि गल्ली मिशीत हसे.

ही १९३४ सालची गोष्ट. बापाच्या दुखण्यात दाऊदने घर गहाण टाकलं होतं. पुढे बाजारात कल्हई न लागणारी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी आली, कल्हईचं गिऱ्हाईक आटलं, हप्ते थकले आणि सावकाराने दावा ठोकला.

त्या सकाळी तिसऱ्यांदा टोले पडले. सुरैय्याने कुलूप लावलं आणि दाऊद भात्याच्या मागे अंग चोरून बसला.  वहाणांची करकर दारापाशी येऊन थांबली.

"दाऊद वल्द रसूल! घरात आहे का कोणी?"

दाऊदने श्वास रोखला. आता दार फोडतील, भांडी रस्त्यावर फेकतील, सुरैय्याला उंबऱ्याबाहेर काढतील. डोळ्यांपुढे नको नको ते येऊ लागलं. भल्या मोठ्या हंड्याला उलटापालटा करणारा हा गडी भात्याच्या आडोशाला आणखी आकसला.

"बरं, मग दारावर डकवतो," बेलीफ म्हणाला. फळीवर खळीचा कुंचला फिरू लागला. 

"बाई, इकडे या. घर बंद होतं म्हणून साक्षीचा अंगठा द्या."

समोर भाड्याच्या खोलीत राहणारी, फुटाणे विकणारी नर्मदाबाई पुढे आली. आणि सगळी गल्ली ऐकत असताना म्हणाली, "खोटा अंगठा मी कशी देऊ, साहेब? दाऊद घरमाच शे!"

घात केला म्हातारीने! दाऊदला वाटलं, भिंत फोडून पळावं. पण पळणार कुठे? घर तर हेच होतं.

नर्मदाबाईने दाराच्या फटीला तोंड लावलं. "दाऊद, ऐक रे भाऊ. मन्हा घरधनी बी असाच दपना व्हता. दारवरना कागद त्यानी फाडा आनि चुल्हामा टाका. कोर्टनी तारीख त्यामाच व्हती! आम्हनाकडथून कोनी उभं ऱ्हायनं नही. मन्ही भाकर तवावर व्हती, आनि लिलावनं घर देखाले लोके उनात!"

आतून कसाबसा आवाज आला, "नर्मदामाय, माले भ्याव वाटस. कागद लिधा ते घर जाई!"

"भ्याव माले बी वाटे. पन अंधारामा बठीसन घर वाचस का? कागद लिधा ते तारीख तरी कळी!"

 सुरैय्या किल्ली घेऊन दाराशी आली होती. "खोलू?" तिने हळूच विचारलं.

नको, असं दाऊदच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तव्यावरची ती भाकर त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. "खोल," तो म्हणाला.

उजेडात आलेला दाऊद घामाने निथळत होता. समोर राक्षस नव्हता. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला एक थकलेला माणूस होता. त्याने कागदाची प्रत दाऊदच्या हातात दिली आणि मजकूर वाचून दाखवला. "पंधरा तारखेला हजर राहा. तुमचं म्हणणं तिथे मांडा."

"आनि घर?"

"घर आज कोणी नेत नाही. आधी तुमचं म्हणणं, मग हुकूम. हुकुमात पैसे भरायला मुदत असते. तीही चुकवली, तर मग लिलाव."

मुदत असते! इतके दिवस हे कुणीच कसं सांगितलं नव्हतं? गल्लीतले शहाणे मान खाली घालून पांगले.

पंधरा तारखेला दाऊद वकिलाला घेऊन कोर्टात उभा राहिला. भीती गेली नव्हती, पण उभा राहिला. सहा महिन्यांची मुदत मिळाली. त्या मुदतीत त्याने घराची मागची अर्धी बाजू सावकाराच्या संमतीने, रास्त भावाने स्वतः विकली. लिलावात तेवढ्या पैशात सगळं घर गेलं असतं. कर्ज फिटलं आणि पुढची बाजू, भात्यासकट, दाऊदची राहिली. अर्धं घर गेल्याचं दुःख त्याला झालंच. पण त्या रात्री कित्येक महिन्यांनी तो शांत झोपला.

थंडीत पुन्हा टोले पडले. या वेळी शेजारचा वाहिद शिंपी आत धावला. त्याच्या बायकोने कुलूप उचललं, तेवढ्यात दाऊद आडवा आला.

"दपू नको, वाहिदभाई. आधी कागद ले, मंग आपन वाचाडी लेऊ. मी तुन्हासंगे कोर्टमा येस."

ओट्यावर फुटाणे निवडणाऱ्या नर्मदाबाईने मान वर करून पाहिलं आणि पदराने डोळे पुसले. तिचं घर काही परत येणार नव्हतं.

बंधूंनो, भगिनींनो, भीती वाटणं हा गुन्हा नाही. भीतीने तारीख चुकवणं हे मात्र आपलंच घर आपल्या हाताने गमावणं आहे. तुमच्या दारी असा कागद आला, तर दार उघडा, तो घ्या, वाचवून घ्या आणि सांगितल्या दिवशी हजर राहा. आणि शेजाऱ्याच्या दारी आला, तर त्याला कुलूप आणून देऊ नका, त्याच्यासोबत चला!